भूभौतिक अर्थबोधन व तंत्रिका-जाले

भूभौतिक अर्थबोधन व तंत्रिका-जाले : जमिनीच्या पृष्ठभागावर विद्युत्, चुंबकीय, गुरुत्वीय वा भूकंपीय राशींचे मापन करून त्यांवरून खालील खडकांची रचना अनुमानाने ठरविणे, यास भूभौतिक अर्थबोधन म्हणतात. मापन हे यंत्राचे काम असले, तरी अर्थबोधन दीर्घकाळ तज्ञाच्या अनुभवावर विसंबून होते. हे काम संगणकीय तंत्रिका-जालांकडे सोपविण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्रातील ट्रॅप खडकांच्या प्रदेशाचा वाटा लक्षणीय आहे.

जमिनीत विद्युत् प्रवाह सोडून तिची रोधकता मोजण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये कॉनराड श्लंबर्गर (१८७८—१९३६) यांनी १९१२ मध्ये केले. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चार विद्युत् अग्रांची मांडणी सुचविली. अग्रांमधील अंतर क्रमाने वाढवीत गेल्यास प्रवाह अधिकाधिक खोल जातो आणि मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढता येतो. हा आलेख छापील प्रमाण-वक्रांवर ठेवून जुळणारा वक्र डोळ्यांनी शोधणे, ही पद्धत अनेक दशके रूढ होती. डी. पी. घोष या भारतीय भूभौतिकीविज्ञांनी १९७१ मध्ये नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे रैखिक छाननीची गणिती पद्धत सिद्ध केली. तिच्यामुळे हे आकडेमोडीचे काम झपाट्याने उरकू लागले. मूळ अडचण मात्र गणिताच्या वेगाची नव्हतीच.

ती अडचण वाशिम जिल्ह्यातील किन्हीराजा (ता. मालेगाव) सारख्या, बेसाल्टाने व्यापलेल्या मुलखात चांगली स्पष्ट होते. अशा भूमीत अभंग काळ्या पाषाणाची रोधकता साधारणतः ७० ओहम-मीटरहून अधिक असते व त्यात पाणी जवळजवळ नसते. झिजलेल्या, भेगाळ व पाणी धरणाऱ्या बेसाल्टाची रोधकता बरीच कमी भरते. परंतु दोन लाव्हा थरांमधील लाल मृण्मय थराचीही ती कमीच असते आणि या थरातून विहिरीला पाणी मिळत नाही. समजा, काही खोलीवर १० ओहम-मीटर रोधकतेचा ५ मी. जाडीचा लाल थर आहे. त्याच्या जागी २० ओहम-मीटर रोधकतेचा १० मी. जाडीचा जलधारक थर असता, तरी पृष्ठभागावरील वक्र जवळजवळ तोच आला असता. कारण वक्रावर परिणाम होतो तो मुख्यतः जाडी व रोधकता यांच्या गुणोत्तराचा. यास तुल्यतेची समस्या म्हणतात. कागदावर ती शुष्क वाटते. पण एका अर्थाने विहिरीला पाणी लागते आणि दुसऱ्याने कर्ज काढून घेतलेली विंधन विहीर कोरडी जाते. पाणाड्याच्या काठीवरील लोकांचा विश्वास पूर्णपणे ओसरला नाही, यामागे शास्त्रीय सर्वेक्षणांचे असे चुकलेले अंदाजही आहेत.

तंत्रिका-जाल म्हणजे परस्परांस जोडलेल्या साध्या गणिती घटकांचे जाळे. फ्रँक रोझेनब्लॅट यांनी १९५८ मध्ये त्याचे प्राथमिक रूप मांडले. १९८६ मध्ये रमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी त्रुटीचे पश्चप्रसारण करून बहुस्तरी जाल शिकविण्याची रीत प्रसृत केली. हजारो कल्पित भूरचना व त्यांचे वक्र जालास दाखविले, की नव्या वक्रावरून ते रचना सांगू लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील यू. के. सिंग, आर. के. तिवारी व एस. बी. सिंग यांनी विद्युत् रोधकतेच्या अर्थबोधनासाठी ही पद्धत वापरून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तुल्यतेपुढे साधे जालही फसते. दोन उत्तरे सारखीच संभवनीय असल्यास ते त्यांची सरासरी देते. वरील उदाहरणात १५ ओहम-मीटर रोधकतेचा ७.५ मी. जाडीचा थर येईल. तो वक्राशी जुळेल, पण लाल मातीचाही नसेल व जलधारकही नसेल. म्हणून सौमेन मैती, गौतम गुप्ता आदींनी कोयना परिसरातील मापनांसाठी बायेसीय संभाव्यतेवर आधारित जाल वापरले (२०११). त्यातून उत्तराबरोबरच उत्तराची अनिश्चितताही मिळते. १९६७ च्या भूकंपामुळे प्रसिद्धी पावलेल्या या प्रदेशानंतर मालवण परिसरातही असेच काम झाले (२०१३). उत्तर किती विश्वसनीय हे सांगणारी पद्धत एकच ठाम आकडा देणाऱ्या पद्धतीपेक्षा शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाची आहे.

२०१२ नंतर अनेक स्तरांची जाले, म्हणजे डीप लर्निंग, प्रतिमा ओळखण्यात यशस्वी झाली आणि भूकंपीय प्रतिमांत विभंग शोधण्यासाठी खनिज तेल उद्योगाने ती उचलली. शिनमिंग वू व सहकाऱ्यांचे २०१९ मधील जाल केवळ २०० कृत्रिम प्रतिमांवर शिकविलेले होते. तथापि अशा जालांना परिचित असलेली रचना बहुधा गाळाच्या खडकांची असते. दख्खनेत जलद तरंगवेगाचा बेसाल्ट वर व मंद वेगाचे थर खाली, असा उलटा प्रकार आढळू शकतो. तेथे परकी जाले बिनतक्रार चुकीचे उत्तर देतात.

नागपूरजवळील चंद्रभागा नदीच्या पाणलोट क्षेत्रात केंद्रीय भूमिजल मंडळाच्या प्रायोगिक प्रकल्पात हेलिकॉप्टरमधून विद्युत् चुंबकीय सर्वेक्षण झाले. अशा उड्डाणातून येणारी मापने इतकी विपुल असतात, की त्यांचे हाताने अर्थबोधन अशक्यच. मापने विपुल, पण पडताळ्याची साधने तुटपुंजी आहेत. किल्लारीचे ६१७ मी. खोल छिद्र ३३८ मी. ट्रॅप भेदून गेले व तेथील थरांचा क्रम निश्चित कळला, पण अशी छिद्रे विरळा. गावोगावच्या विंधन विहिरींच्या नोंदी हा जाल शिकविण्याचा खरा साठा होय. पण ‘मुरूम’, ‘काळा पाषाण’, ‘लाल माती’ अशा दोन-तीन शब्दांत, अनेकदा खोलीच्या आकड्याविनाच, त्या उरकलेल्या असतात.