कलावंतांचे आवाज व प्रतिमा हक्क

गायक, नट, निवेदक इत्यादी कलावंतांचा आवाज, चेहरा व लकबी यांची संगणकीय प्रतिकृती त्यांच्या संमतीवाचून बनवण्यास किंवा वापरण्यास आळा घालणारे हक्क. भारतात ते एकाच कायद्यात नमूद नसून कॉपीराइट कायदा, गोपनीयतेचा हक्क व न्यायालयीन आदेश यांतून घडत गेले आहेत.

कॉपीराइट कायदा : 1957 च्या या कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क 1994 च्या दुरुस्तीने आले. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नट, नर्तक यांच्याबरोबर जादूगार, गारुडी आणि व्याख्याते यांचाही समावेश आहे. 2012 मध्ये कलम 38अ व 38ब यांची भर पडून ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण व प्रसारण यांवरील हक्क, तसेच श्रेय मिळवण्याचा व सादरीकरणाचा विपर्यास रोखण्याचा नैतिक हक्क स्पष्ट झाले. सादरीकरणावरील हक्काची मुदत पुढील वर्षारंभापासून 50 वर्षे असते. मात्र हे संरक्षण प्रत्यक्ष झालेल्या सादरीकरणाला आहे. कृत्रिम आवाज गायकाने कधीच न गायलेले गाणे गातो. तेथे नक्कल गाण्याची नव्हे, गळ्याची असते. ही उणीव न्यायालयांनी व्यक्तिमत्त्व हक्काच्या, म्हणजे स्वतःचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या वापरावरील नियंत्रणाच्या हक्काच्या, आधारे भरून काढली.

न्यायालयीन निर्णय : नाव व प्रतिमा यांचा जाहिरातीसाठी विनासंमती वापर हा गोपनीयतेचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल खटल्यात (1994) म्हटले. 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या दाव्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांची प्रतिमा व आवाज वापरण्यास मनाई केली. ‘झकास’ ही त्यांची ओळख बनलेली उक्तीही आदेशात आली. 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या दाव्यात त्यांची ओळख बनलेल्या ‘भिडू’ या शब्दाचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात कोणाचाही आवाज नामवंताच्या आवाजात पालटणारे साधन विनापरवानगी उपलब्ध करून देणे हाच हक्कभंग मानला. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले. यांतील बहुतेक आदेश अंतरिम आहेत.

मर्यादा : व्यंग, टीका व विडंबन यांना या हक्कांनी बंदी होत नाही. दिवंगत नट सुशांतसिंह राजपूत यांच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये व्यक्तिमत्त्व हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असे मत मांडले. त्यामुळे दिवंगतांच्या आवाजाचा प्रश्न कायद्यापेक्षा स्वेच्छेने घेतलेल्या कुटुंबाच्या संमतीवर येऊन ठेपतो. ‘लाल सलाम’ (2024) चित्रपटातील एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज कुटुंबीयांची परवानगी घेऊन व मोबदला देऊन वापरले. चित्रपटात ओझरते दिसणाऱ्या, श्रेयनामावलीत नाव नसलेल्या कलावंतांना कॉपीराइट कायद्यात विपर्यासाविरुद्धच्या हक्कापलीकडे फारसे काही मिळत नाही. व्यक्तिमत्त्व हक्काचे दावेही प्रसिद्धीच्या बळावर उभे राहत असल्याने अल्पपरिचित कलावंतांची भिस्त मुख्यतः लेखी करारावर राहते.

इतर देश : अमेरिकेत बेट मिडलर यांच्या आवाजाची जाहिरातीसाठी दुसऱ्या गायिकेकडून नक्कल करवून घेणे 1988 मध्ये बेकायदा ठरले. 2023 मध्ये हॉलिवुडच्या नटांनी 118 दिवस संप करून डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती व मोबदला यांची कलमे करारात आणली. टेनेसी राज्याने 2024 मध्ये आवाजालाही कायद्याचे संरक्षण दिले.