जुळ्यांचा हिशेब

‘टेस्ट-ट्यूब’चं मूल म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, ‘मग जुळं झालं का?’ स्टाफरूममध्ये, वलीम्याच्या पंगतीत हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. जणू हा उपचार आणि जुळी यांची जोडी निसर्गानेच जमवली आहे. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राऊन जन्मली, ती एकटीच. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी तिच्या आईला स्त्रीबीजं वाढवणारी औषधं दिलीच नव्हती. त्या महिन्यात आपोआप तयार झालेलं एक बीज घेतलं आणि त्याचा एकच भ्रूण गर्भाशयात सोडला.

अडचण यशाची होती. एका भ्रूणावर गर्भ राहण्याची शक्यता तेव्हा फारच कमी. म्हणून इंजेक्शनं देऊन अनेक बीजं मिळवायची आणि तीन-चार भ्रूण एकदम सोडायचे, एखादा तरी रुजेल, ही पद्धत रूढ झाली. कधी दोन रुजत, कधी सगळेच. नुसत्या बीज फुटण्याच्या औषधांनीही तिळी होत. तिथे किती बीजं फुटतील यावर डॉक्टरांचा ताबा आणखी कमी.

अमेरिकेत १९८० साली दर हजार जन्मांत सुमारे १९ बाळं जुळ्यांतली होती, २०१४ मध्ये जवळपास ३४. यात उशिरा येणाऱ्या मातृत्वाचाही वाटा आहे, कारण वयाबरोबर जुळ्यांची शक्यता तशीही वाढते. तिळी आणि त्याहून जास्त मुलांचं प्रमाण तर लाखामागे ३७ वरून १९९८ मध्ये १९३ वर गेलं. ऐकायला कौतुकाचं वाटतं. प्रत्यक्षात आईला रक्तदाब, रक्तस्राव. बाळं दिवसांआधीच, कमी वजनाची आणि आठवडेच्या आठवडे काचेच्या पेटीत.

मग युरोपात वारं फिरलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात ३६ वर्षांखालील स्त्रियांचे दोन गट होते. एका गटात दोन भ्रूण एकदम सोडले. दुसऱ्यात एकच, आणि तो रुजला नाही तर नंतर गोठवलेला दुसरा. मूल होण्याचं प्रमाण अनुक्रमे ४२.९ आणि ३८.८ टक्के. पण जुळ्यांचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं! ब्रिटनमध्ये या उपचारातून होणाऱ्या जन्मांत एकाहून अधिक बाळांचं प्रमाण २००८ मध्ये सुमारे २४ टक्के होतं, २०१९ मध्ये ते ६ टक्क्यांवर आलं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बेल्जियमचा करार. जुलै २००३ पासून तिथल्या सरकारने सहा प्रयत्नांचा प्रयोगशाळेचा खर्च उचलला आणि बदल्यात अट घातली: ३६ वर्षांखालील स्त्रीच्या पहिल्या प्रयत्नात एकच भ्रूण. पुढच्या प्रयत्नाची खात्री असली की एकावर थांबता येतं, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी, अपवाद सोडता, एका वेळी तीन भ्रूणांची मर्यादा घातली. २०२१ मध्ये कायदाही आला. पण बहुतेकांना पैसे स्वतःच उभे करावे लागतात. दागिने मोडून आलेलं जोडपं ‘डॉक्टर, दोन सोडा’ म्हणतं, तेव्हा मला त्यात हाव दिसत नाही. दुसऱ्यांदा येणं त्यांना परवडणारं नसतं. जुळी वेळेआधी झाली तर नवजात अतिदक्षता विभागाचं बिलही त्यांनाच भरायचं असतं.