गाणाऱ्या बायांचा उन्हाळा : मंच कुणाचा, मान कुणाचा?



११ एप्रिलची फुले जयंती, १४ एप्रिलची भीमजयंती आणि मग बुद्धपौर्णिमा. माकुणसार, सफाळे, केळवे, पालघरपासून बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांपर्यंत आपल्या भागातला उन्हाळा गाण्यांचा असतो. याच दिवसांत वारली पाड्यांवर लग्नं लागतात. याच दिवसांत तिकडे घाटावर गावोगावच्या जत्रांमध्ये तमाशाचे फड उभे राहतात. तीन वेगळ्या जागा, तीन वेगळे समाज. पण तिन्हीकडे बाई गाते.

अलीकडे महिला कलाकारांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचा विषय निघाला की आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "हा करमणुकीचा विषय आहे, चळवळीचा नाही." काहीजण याच्याही पुढे जातात. "बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे नाकारले होते, मग बायकांना मंचावर कशाला आणता?" या दोन्ही आक्षेपांना उत्तर इतिहासातच आहे. म्हणून तो इतिहास आपण नीट वाचला पाहिजे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी. ती बाई असते. भगत देवांना बोलावतो, सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात, त्यात पालघाट देवी बसते, आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. ब्राह्मण नाही, संस्कृत मंत्र नाहीत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ब्राह्मणाशिवाय लग्न लावायची पद्धत सुरू केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पुढे भटजी लोक आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टातही गेले. इथे मात्र जंगलपट्टीतल्या बाया ब्राह्मणाशिवायच लग्नं लावत आल्या होत्या. धवलेरीचं गाणं करमणुकीसाठी नसतं. त्या गाण्याला अधिकार आहे, कारण त्याच्याशिवाय लग्न लागत नाही.

पण इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या मांडवात धवलेरी गात होती, त्याच मांडवासाठी नवरदेव जमीनदार-सावकाराकडून कर्ज काढत होता. ते कर्ज फेडता फेडता नवरा-बायको दोघेही वेठबिगार होत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं आलं आहे. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीच्या विरोधात उठाव सुरू झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. म्हणजे गाणं बाईचं होतं, पण गाणं संपल्यावरचं आयुष्य सावकाराचं होतं. गाण्याचा मान आणि जगण्याचं स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

चित्रांचंही तसंच झालं. देवचौक काढणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांच्या बायांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ही कला कागदावर आली, शहरात विकली जाऊ लागली, तेव्हा नाव झालं ते मुख्यतः पुरुषांचं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली कला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आम्हाला आदर आहे. प्रश्न त्या निनावी सवाशिणींचा आहे.

आता घाटावर जाऊ. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा. महार समाजातली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ती ओळखली जाते. तिच्या जोडीला होते पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घर सोडून ते तमाशात आले. लावणी त्यांनी लिहिली, ती लोकांपर्यंत नेली पवळाच्या गळ्याने आणि पायांनी. पण शाहीर म्हणून कौतुक कुणाचं झालं आणि 'नाचणारी' म्हणून बोट कुणाकडे दाखवलं गेलं, हे वेगळं सांगायला नको. एकाच बोर्डावर दोघे उभे. ब्राह्मण पुरुषाचा झाला त्याग, महार बाईचा झाला बदलौकिक. जात आणि पुरुषसत्ता एकत्र कशी काम करते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला दुसरा कुठला हवा?

चळवळीच्या इतिहासात नोंदलेला प्रसंग याच पठ्ठे बापूरावांचा आहे. १९२७ च्या महाडच्या लढ्याच्या काळात त्यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, ही त्यांची भूमिका होती. चळवळीला तेव्हा पैशाची किती चणचण होती हे आपल्याला माहीत आहे. तरीही ते नको म्हणाले.

या नकाराचा अर्थ काय? तो गाण्याला होता का? बाईला होता का? आमच्या मते तो दौलतजाद्याला होता. बाईने नाचायचं, प्रेक्षकाने पैसे उधळायचे आणि त्या पैशाबरोबर तिच्या शरीरावरही हक्क सांगायचा, हा जो जातीने ठरवलेला व्यवहार होता, त्याला तो नकार होता. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, वाघ्ये यांच्यासमोर बाबासाहेब बोलले, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं : हे जिणं सोडा, अब्रूने जगा. गाणं सोडा असं त्यांचं म्हणणं असतं, तर भीमराव कर्डकांच्या जलशांचं त्यांनी कौतुक केलंच नसतं.

मात्र इथे एक गोष्ट घडली आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला शृंगार काढून प्रबोधन भरलं. फार मोठं काम झालं. पण जलसे मुख्यतः पुरुषांचेच राहिले. बोर्डाला प्रतिष्ठा आली आणि त्याच वेळी बाई बोर्डावरून खाली उतरली. पवळाची नात-पणती त्या नव्या मंचावर कुठे होती?

ती जात्यावर होती. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात दलित बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, धर्मांतरावर रचलेल्या ओव्या आहेत. ज्या बायांना मंच मिळाला नाही, त्यांनी दळताना इतिहास गायला. आणि बाया बिनआवाजाच्या होत्या असंही नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. तिथे जमलेल्या हजारो बायांना पाहून बाबासाहेबांना समाधान वाटलं होतं. सभेत बाई होती, मोर्च्यात होती, जात्यावर होती. गाण्याच्या मंचावर मात्र तिला फार उशिरा जागा मिळाली.

तमाशात ज्या राहिल्या त्यांचं काय झालं? विठाबाई नारायणगावकर. फडात नाचताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, पुन्हा बोर्डावर आल्या. हा प्रसंग लोक कौतुकाने सांगतात. आम्हाला त्यात कौतुक दिसत नाही. बाळंतपणाची रात्रसुद्धा जिला सुट्टी म्हणून मिळत नाही, ती कामगार आहे आणि तिचं शोषण होतंय. राष्ट्रपतींचं पदक मिळालेल्या विठाबाई २००२ साली हलाखीत गेल्या. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देतं.

आज चित्र बदलतंय. वैशाली शिंदे यांच्या भीमगीतांनी वस्त्या जागवल्या. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलवरून घराघरांत पोचल्या. शीतल साठे यांनी गाण्यासाठी तुरुंग पाहिला. पंजाबात जालंधरची गिन्नी माही बाबासाहेबांना गाते. या बाया स्वतःच्या अटीवर गातात, त्यांच्यावर कुणी दौलतजादा करत नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली जे नाकारलं, त्याच्या बरोबर उलट हे आहे. म्हणून त्यांचा नकार पुढे करून या बायांना मंच नाकारणं म्हणजे बाबासाहेबांना उलटं वाचणं.

दुसरा आक्षेप असा असतो की एकट्या महिलांच्या कार्यक्रमाला गर्दी होत नाही. अमेरिकेतही आयोजक हेच म्हणत. एकापाठोपाठ दोन गायिका नकोत, असा तिथे अलिखित नियम होता. सारा मॅक्लॉक्लन या गायिकेने १९९७ च्या उन्हाळ्यात फक्त स्त्री गायिकांचा आणि स्त्रियांच्या बँडचा 'लिलिथ फेअर' नावाचा फिरता महोत्सव काढला. मैदानं भरली, तीन उन्हाळे तो चालला. तिकडे जायचीही गरज नाही. शंभर वर्षांपूर्वी पवळाला पाहायला गर्दी होतच होती. प्रश्न गर्दीचा नव्हताच, मानाचा होता.

म्हणून आपल्या भागातल्या जयंती मंडळांसमोर आम्ही काही गोष्टी ठेवतो. डीजेच्या भिंतीवर जो पैसा जातो, त्यातला निम्मा गाणाऱ्या माणसांवर खर्च करा आणि मंचाचा निम्मा वेळ बायांना द्या. बिदागी आधी ठरवा आणि कार्यक्रम संपताच हातात द्या. "चळवळीचं काम आहे, ताई, समजून घ्या" हे बंद करा. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो छापता, तिथे गायिकेचं पूर्ण नाव छापा. शेवटची लोकल निघून जाण्याआधी कार्यक्रम संपवा, नाहीतर तिच्या मुक्कामाची नीट सोय करा. मंचाखाली नोटा उधळणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, तो कितीही मोठा देणगीदार असो. धवलेरीला बोलवाल तेव्हा 'आदिवासी नृत्य' म्हणून पाच मिनिटं नाचवायला बोलावू नका. ज्या बाईला लग्न लावायचा अधिकार आहे, तिला खुर्ची द्या, माईक द्या, ती सांगेल ते ऐका.

आणि वस्तीतल्या ज्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, तिच्या ओव्या या उन्हाळ्यात मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. तिचं नाव आणि गाव लिहून ठेवा. सवाशिणींची नावं राहून गेली, तशी तिचं राहू देऊ नका.

जयभीम! जय सावित्री!