माळ्यावरचे घर आणि गोटातले शहर

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत ग्वाल्हेरला आत्याकडे गेलो होतो. तिचा नातू न्यूयॉर्कला नोकरीस आहे. नदीकाठच्या एका जुन्या कारखान्यात 'लॉफ्ट' भाड्याने घेतल्याचे त्याने फोनवर कळविले होते. आत्या चिंतेत. मला म्हणाली, "अरे, एवढा शिकला आणि माळ्यावर राहतो म्हणे! तिथे ट्रंका ठेवायच्या की माणसं?"

आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे छताखालची फळी. पितळी भांडी आणि जुन्या गाद्या ठेवण्याची जागा. न्यूयॉर्कचा लॉफ्ट निराळा. कारखान्याचा किंवा वखारीचा आडभिंती नसलेला अख्खा मजला, उंच छत, मोठमोठ्या खिडक्या. तेथील उद्योग शहराबाहेर गेले आणि हे मजले ओस पडले. १९६०च्या दशकात चित्रकार-शिल्पकारांनी ते स्वस्तात घेतले आणि कायद्याकडे काणाडोळा करून तेथे संसार थाटले. १९७१ साली सोहो भागात कलावंतांच्या अशा वास्तव्यास मान्यता मिळाली. १९८२च्या कायद्याने अशा इमारतींतील भाडेकरूंना संरक्षण दिले आणि मालकांवर त्या राहण्यायोग्य करण्याची जबाबदारी टाकली. पुढे नदीकाठच्या वखारींनाही असेच दिवस आले आणि भाडी इतकी चढली, की चित्रकारांनाच ती परवडेनाशी झाली.

हे सारे आत्याला सांगितले. सांगता सांगता मनात आले, आत्या तरी कोठे राहते? तिचा पत्ता एका सरदाराच्या नावाच्या 'गोठी'तला. बेळगावकडचे नातेवाईक तिला गमतीने विचारतात, "गुरं किती आहेत?" परंतु हा गोठ जनावरांचा नव्हे. मराठीतला गोट, म्हणजे सैन्याचा तळ, हिंदी बोलीत 'गोठ' झाला. शितोळे, आंग्रे या सरदारांची नावे तेथील गोठींना आजही चिकटून आहेत.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती आश्रितांची घरे, बाजार आणि देवळे आली. या शहरभागाचे नावच लष्कर. कंपू म्हणजे पायदळाची कवायती पलटण. महादजींनी द ब्वान्यकडून उभे करविलेले कंपू उत्तर हिंदुस्थानात गाजले. आज मराठीत कंपू म्हणजे टोळके. ग्वाल्हेरात मात्र कंपू ही नांदती वस्ती आहे. जिन्सी म्हणजे तोफखाना. तेथे 'जिन्सी नाला' नावाचा मोहल्ला आहे. शिंदे की छावनी तर स्वतःच आपला अर्थ सांगते. म्हणजे एका कारखान्याचे नव्हे, अख्ख्या फौजेच्या कार्यस्थळाचे येथे घर झाले.

या फौजेचे काम मात्र गेले. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पन्निहार येथे एकाच दिवशी शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला आणि जानेवारी १८४४च्या तहाने ते नऊ हजारांवर आणले गेले. हातातली तलवार गेली, तरी डोक्यावरचे छप्पर राहिले. म्हणूनच लष्करात मराठी वस्ती टिकली.

याच शहरात दुसरी फौज उभी राहिली ती चात्यांची. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९२१ साली, बिर्लांनी जियाजीराव कॉटन मिल सुरू केली. तिच्याभोवती बिर्लानगर वसले. मजुरांच्या वस्त्या 'लाइन नंबरां'नी ओळखल्या जाऊ लागल्या; हाही शब्द पलटणीतलाच. १९९०च्या दशकात मिल बंद पडली. भोंगा थांबला, लाइनीचे नाव राहिले. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला.

मुंबईची गोष्ट आपणास जवळची. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवला होता. २००१मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली आणि वाटे फारच आक्रसले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. ज्यांनी तेथे हयात घालविली, त्यांतील अनेकजण घराच्या सोडतीची वाट पाहत राहिले.

इतिहास शिकविताना राजा कोण आणि लढाई कधी, एवढेच आम्ही विचारतो. लढाई संपल्यावर शिपाई राहिला कोठे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच. गोट असो, गिरणी असो की वखार. काम संपले की वास्तू नवा धनी शोधते. त्या बदलाचे मोल उंच छतावरून करू नये. तेथे राबलेल्या माणसाला त्यात कोपरा मिळाला की नाही, हे पाहावे.

आपल्या दुभाषी मुलखातही कॅम्प आहेत, पेठा आहेत, लाइनी आहेत. पाटीवरची लिपी बदलली, तरी नाव आपली हकीकत धरून असते. घरातल्या मुलांना ती सांगणारे कोणी हवे.

निघताना आत्याच्या पाया पडलो. ती म्हणाली, "नातवाला कळव, माळ्यावर राहा खुशाल. आपण तरी काय, दोनशे वर्षं तळावरच आहोत!"