काथ, टेरा जापोनिका आणि तीन फ्रेंच अक्षरे

बोरघाट चढून खंडाळा-लोणावळा मागे टाकले, की मावळची भातखाचरे आणि लोहगड-विसापूरची जोडी दिसू लागते. मुंबई-पुण्याची ही वाट सैन्यांची आणि वकिलांची होती, तशीच ती परक्या भाषांचीही होती. १७७७ साली सें ल्युबँ हा फ्रेंच वकील पुणे दरबारी दाखल झाला आणि मुंबईकर इंग्रज बिथरले. पुढे ते राघोबादादांना घेऊन घाट चढून आले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला नामुष्कीचा तह करून परतले. त्या मोहिमेत कार्ल्यास तोफेच्या गोळ्याने पडलेला कॅप्टन स्टुअर्ट मावळच्या तोंडी 'इष्टुर फाकडा' झाला. नावाची अशी मोडतोड कानाला गोड लागते. मात्र रोग्याच्या कागदात एखाद्या शब्दाची मोडतोड झाली, तर तिची झळ रोग्यालाच बसते. अशाच एका कागदाची हकिगत येथे सांगावयाची आहे.

टिपूशी १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धात कावसजी नावाचा एक बैल हाकणारा इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या, म्हणजे कुंभारकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. त्याचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. वृत्तांत कावसजीस शेतकरी जातीचा मराठा म्हणतो, नाव मात्र पारशी धाटणीचे. परक्या कानांनी ऐकलेली नावे अशीच गोंधळात टाकतात.

कृती अशी. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून त्याचा आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व भोवती रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवावयाची, पण दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवावयाची. तिच्यातूनच रक्त वाहत राहते आणि कातडी जिवंत राहते. मग ती पिळून खाली आणायची व थोट्या नाकाच्या ताज्या केलेल्या कडांवर बसवायची. टाके नाहीत. त्याऐवजी 'टेरा जापोनिका' पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावावी व पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे लावावीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापून मोकळी करावी.

हे 'टेरा जापोनिका' काय असावे? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'जपानची माती'. शब्दाला शब्द लावून कोणी भाषांतर केले, तर पुण्याचा कुंभार जपानहून माती मागवीत होता असे म्हणावे लागेल! वस्तुतः ती माती नव्हे आणि जपानचीही नव्हे. ती आपल्या पानाच्या तबकातला काथ होय. युरोपातील औषधविक्यांनी दूर पूर्वेकडून आलेला तो तांबूस गोळा पाहून त्याला माती समजून हे नाव दिले, आणि ते त्यांच्या ग्रंथांत पक्के बसले. कुंभाराचा काथ इंग्रज डॉक्टरांच्या लेखणीत लॅटिन झाला. तो परत मराठीत आणायचा, तर त्यासाठी शब्दकोशापेक्षा पानदान अधिक उपयोगी पडते.

वृत्तांताखाली सही फक्त दोन अक्षरांची होती : 'बी. एल.' एवढ्या अक्षरांवर विद्वानांनी पुष्कळ तर्क लढवले. काहींनी 'एल'मध्ये ल्यूकस नावाचा मद्रासकडील शल्यवैद्य पाहिला, तर पुढच्या संशोधकांनी बॅरक लाँगमेट या लंडनच्या खोदकारावर बोट ठेवले. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची नावे क्रूसो व ट्रिंडले अशी छापली गेली. पैकी दुसरे वास्तविक फिंडले. हस्ताक्षरातले एक अक्षर जुळाऱ्याने भलतेच वाचले असावे. ज्याने नाक बसवले त्या कुंभाराचे नाव मात्र वृत्तांतात मुळीच नाही. दोन अक्षरेसुद्धा त्याच्या वाट्याला आली नाहीत.

हा वृत्तांत वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने अनेक वर्षे शवांवर अभ्यास केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या रोग्यासह दोन्हींची हकिगत त्याने १८१६ साली पुस्तकरूपाने दिली. आपल्या वाचकांना हे ऐकून बरे वाटेल, की कार्प्यू हा मूळच्या स्पॅनिश कॅथोलिक घराण्यातला होता व त्याचे शिक्षण फ्रान्समधील दूए येथील कॅथोलिक विद्यालयात झाले होते. त्याचे पुस्तक लगेच जर्मन भाषेत गेले. फ्रेंच शल्यवैद्यांनीही ही रीत उचलली आणि तिला 'मेतोद अँदियेन', म्हणजे भारतीय पद्धती, हे नाव दिले. पुण्याजवळची कला अशी फ्रेंच शस्त्रक्रियागृहात पोचली.

आता प्रवाहाची दिशा उलटली आहे. फ्रेंच शस्त्रक्रिया-अहवाल इंग्रजीत आणावे लागतात, आणि त्यांत पूर्ण शब्दांपेक्षा आद्याक्षरेच अधिक असतात. आद्याक्षरांशी आपला परिचय जुना आहे. क्रूसावरचे आय. एन. आर. आय. आपण बालपणापासून पाहतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे बी. डी. आणि टी. डी. एस. हे दिवसातून दोनदा व तीनदा यांचे लॅटिन अवशेष आहेत. पेशवे दफ्तरात तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र. ज्याच्या वर्तुळात अक्षरे जन्मली, त्याला ती पुरतात. बाहेरच्याने चाचपडत बसावे.

फ्रेंचमध्ये बहुधा नाम आधी व विशेषण नंतर येते, म्हणून पुष्कळ अक्षरे इंग्रजीच्या उलट बसतात. एम. आर. आय. तेथे आय. आर. एम. होते, एड्सचे 'सिदा', एच. आय. व्ही.चे व्ही. आय. एच. आणि संपूर्ण भूल ही जी. ए. न राहता ए. जी. होते. इथवर काम सोपे. आर. ए. एस. ही अक्षरे मात्र फसवी. फ्रेंच डॉक्टर त्यांतून 'सांगण्यासारखे काही नाही' एवढेच म्हणतो. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरला त्यांत मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाल्याचा रोग दिसू शकतो. निरोगी माणसाला एका ओळीत रोग जडला!

सर्वांत नाजूक अक्षरे आय. व्ही. जी. फ्रेंचमध्येच त्यांचे दोन अर्थ आहेत. एक, हृदयाच्या डाव्या कप्प्याचे काम कमी पडणे. दुसरा, स्त्रीने स्वेच्छेने केलेला गर्भपात. समजा, लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापिलेल्या कैवल्यधामात योगोपचारासाठी एक फ्रेंच प्रौढा आली आणि तिच्या जुन्या अहवालात पूर्वेतिहासाखाली ही तीन अक्षरे आहेत. पहिला अर्थ खरा असेल आणि दुसरा लिहिला गेला, तर तिचे दुखणे हृदयाचे आहे हे येथील डॉक्टरांना कळणारच नाही; शिवाय एका स्त्रीच्या माथी तिने न केलेली गोष्ट मारली जाईल. दुसरा अर्थ खरा असताना पहिला लिहिला, तर तिला नसलेल्या हृदयविकाराच्या गोळ्या सुरू होतील.

येथे अनुवादकाने आजूबाजूच्या ओळी वाचाव्या लागतात. जवळ धाप, पायांची सूज, लघवी वाढवणारे औषध असेल, तर हृदय. बाळंतपणांची संख्या व वर्षे यांच्या रांगेत असेल, तर दुसरे. आमच्या मते भाषेचे खरे ज्ञान येथे कसाला लागते, व्याकरणात नव्हे. तरीही उलगडा झाला नाही, तर अनुवादकाने अंदाजाने अर्थ भरू नये. मूळ अक्षरे तशीच ठेवून शेजारी दोन्ही अर्थ लिहावेत आणि अहवाल लिहिणाऱ्या शल्यवैद्याला पत्र घालून विचारावे. पंचाईत फक्त रोगी आधीच टेबलावर असेल तेव्हा होते.