वीज गेली तर घरातला ऑक्सिजन किती तास पुरेल?

विरारमध्ये वीज गेली ही काही बातमी होत नाही. पंखा थांबतो, पंप बंद म्हणून नळाला पाणी येत नाही, लोक गॅलरीत येऊन बसतात. पण त्याच चाळीत किंवा त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एखादे आजोबा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची नळी नाकाला लावून झोपलेले असतात. वीज गेली की त्यांचा ऑक्सिजन त्याच क्षणी थांबतो. यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देते, साठवून ठेवत नाही, हे अनेक घरांत अंधार पडल्यावरच कळते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत ही यंत्रे घराघरांत पोहोचली. कोविड ओसरला तरी त्यांची गरज संपली नाही. टीबी बरा झाला पण फुप्फुसे खराब झाली असे रुग्ण, वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात काढलेल्या आया, दगडखाणीत आणि बांधकामावर राबलेले बाप, हे सगळे आज घरच्या यंत्रावर आहेत. आपल्या वस्त्यांत अशी घरे किती, हे कार्यकर्त्यांनीही मोजलेले नसते.

वीज किती वेळ जाऊ शकते याचा अंदाज दोन प्रसंगांवरून घ्यावा. जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा, विरार पाण्यात होते, रुळांवर पाणी आल्याने लोकल बंद होती, आणि अपघात टाळण्यासाठी अनेक भागांची वीज मुद्दाम बंद ठेवावी लागली. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, झाडे आणि खांब पडले, काही भागांत एक दिवस उलटूनही वीज आली नव्हती. म्हणजे तयारी तासाभराची करून भागत नाही. आणि ज्या दिवशी वीज जाते त्याच दिवशी रस्तेही बंद असतात, सिलिंडरवाला येऊ शकत नाही.

म्हणून प्रत्येक घराला एक आकडा माहीत हवा: वीज नसताना आपल्याकडे किती तासांचा ऑक्सिजन आहे?

इन्व्हर्टरपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर असतो. मिनिटाला ५ लिटर देणारा घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट वीज खातो, १० लिटरचा जवळपास दुप्पट. घरातली नेहमीची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची असते. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास येतात, म्हणजे कागदावर पाच तास. प्रत्यक्षात नवी बॅटरी तीन तासांच्या आसपास साथ देते आणि तीन-चार वर्षांची जुनी बॅटरी दोन तासांतच मान टाकते. त्यावर पंखा, दिवे आणि शेजाऱ्यांचे मोबाईल चार्जिंगला लावले तर आणखी कमी. इन्व्हर्टर घेताना दुकानदाराला यंत्राचे वॅट सांगा आणि ‘प्युअर साइन वेव्ह’चाच मागा. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, पण कॉन्सन्ट्रेटरच्या कॉम्प्रेसरला तो सोसत नाही. यंत्र सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, तेवढी ताकदही इन्व्हर्टरमध्ये हवी. आकडा खरा हवा असेल तर एकदा दिवसाढवळ्या, सिलिंडर शेजारी ठेवून आणि घरची माणसे हजर असताना मेन स्विच बंद करून घड्याळ लावा.

इन्व्हर्टर आणि बॅटरी मिळून वीस हजारांच्या पुढे जातात. एका पगारावर चालणाऱ्या घराला हे झेपत नाही. तिथे खरा आधार सिलिंडरचा, आणि खरे तर इन्व्हर्टर असलेल्या घरातही शेवटचा आधार तोच. घरी वापरतात तो ‘बी’ प्रकारचा सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. हिशेब सोपा आहे: मिनिटाला २ लिटर लागत असतील तर साडेबारा तास, ५ लिटर लागत असतील तर पाच तास. गेजचा काटा अर्ध्यावर असेल तर तासही अर्धे. सिलिंडरबरोबर रेग्युलेटर, फ्लोमीटर आणि किल्ली बांधूनच ठेवा. भरलेला सिलिंडर आहे पण किल्ली सापडत नाही, हा प्रकार ऐकायला हास्यास्पद वाटतो आणि वारंवार घडतो. तो सिलिंडर उघडायला घरातल्या दोघांना तरी शिकवा. एकालाच येत असेल तर तो नेमका त्या रात्री ड्युटीवर असतो.

इथे आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. वीज गेली की हात पहिल्यांदा मेणबत्तीकडे जातो. संध्याकाळच्या वंदनेला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती-अगरबत्ती लागते. एका खोलीच्या घरात प्रतिमा, गॅसची शेगडी आणि रुग्णाची खाट यांत चार पावलांचे अंतर असते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या सान्निध्यात कापड, केस, अंथरूण क्षणात भडकतात. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत ज्योत नको, बिडी नको. वंदना बॅटरीच्या दिव्यावरही होते, फुले वाहूनही होते. तेलकट हाताने रेग्युलेटरला हात लावू नका, आणि नळीने नाक सोलवटले म्हणून तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणारे जेल घ्या.

घाबरलेल्या घरात दुसरी चूक होते ती प्रवाह वाढवण्याची. ‘जरा जास्त दे, त्यांना बरे वाटेल.’ सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, रुग्ण गुंगीत जातो, आणि घरच्यांना वाटते शांत झोप लागली. डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रवाह आणि ऑक्सिमीटरवर अपेक्षित असलेला आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. रुग्णाला पुढे झुकवून बसवा, बोलायला-चालायला लावू नका, पुठ्ठ्याने तोंडावर वारा घाला. त्याने धाप कमी जाणवते. तरीही आकडा खाली जात असेल, ओठ निळे पडत असतील, बोलण्यात गोंधळ होत असेल तर सिलिंडर संपायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

बाकीच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. बायपॅप आणि सीपॅप ह्युमिडिफायर बंद ठेवला तर फार कमी वीज घेतात, तीच बॅटरी त्यांना रात्रभर पुरते. सक्शन मशीन असेल तर पायाने किंवा हाताने चालणारे एक घरात हवेच. हवेच्या गादीतली हवा गेली की रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतात. न उघडलेले इन्सुलिन फ्रिज बंद झाल्यावर ओल्या मडक्यात, पिशवीत बांधून ठेवता येते. वापरात असलेले पेन सहसा महिनाभर बाहेर टिकते, मात्र उन्हात नको.

वीज परत आली की लगेच यंत्र लावू नका. सुरुवातीला व्होल्टेज वर-खाली होते, म्हणून प्लग काढून ठेवा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. यंत्र सुरू केल्यावरही पुरेसा शुद्ध ऑक्सिजन यायला काही मिनिटे जातात, तोवर सिलिंडर चालू राहू द्या.

आता महावितरण. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. फोन केल्यावर तक्रार क्रमांक लिहून घ्या. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार नियोजित बंदची माहिती आधी मिळायला हवी, आणि अचानक बिघाड झाला तर वीज कधी येईल याचा अंदाजही एसएमएसने कळायला हवा. पण हा एसएमएस ज्याच्या नावावर मीटर त्याच्या मोबाईलवर जातो. विरारच्या चाळींत मीटर मालकाच्या नावावर असतो, मालक राहतो दुसरीकडे, आणि भाडेकरूला काहीच कळत नाही. मालकाशी बोलून नोंदणीत आपला नंबर घालून घ्या. घरात जीवरक्षक यंत्र आहे असा अर्ज, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह, महावितरणच्या शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ब्रिटनमध्ये अशा ग्राहकांची वेगळी अग्रक्रम नोंद वीज कंपन्या ठेवतात. ती मागणी इथेही निवेदनातून रेटायला हरकत नाही. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल.

अंधाराचे आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल लोक लाजेने बोलत नाहीत: थकलेले बिल. ३५० वॅटचे यंत्र दिवसरात्र चालले तर दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला अडीचशे युनिट होतात. घराचा नेहमीचा वापर त्यात मिळवला की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते. श्वास घेण्याचे हे भाडेच म्हणायचे. थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तशी नोटीस आली तर दडवू नका, त्याच दिवशी कार्यकर्त्यांना दाखवा. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सदस्य असताना, ऑक्टोबर १९४३ मध्ये, वीजधोरणाच्या बैठकीत बाबासाहेबांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. त्यांच्यापुढे तेव्हा देशाचे औद्योगिकीकरण आणि गरिबी होती. आज तोच विषय खाटेपर्यंत आला आहे.

राहिले ते तरुणांचे काम. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीची एक यादी करावी: घर, मजला, यंत्र कोणते, प्रवाह किती, वीज नसताना किती तास, ग्राहक क्रमांक, आणि त्या घरी धावून जाणारी दोन माणसे. बी सिलिंडर पंधरा किलोच्या आसपास असतो. लिफ्ट बंद असताना तो चौथ्या मजल्यावर कोण चढवणार हे आधी ठरलेले बरे. ही माहिती त्या कुटुंबाला विचारूनच घ्यावी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. टीबीचे नाव निघाले की मुलीचे लग्न मोडते, हे आपल्याला माहीत आहे. वर्गणीतून दोन सिलिंडर विहारात ठेवता आले तर उत्तम, फक्त ते प्रतिमेपुढच्या मेणबत्त्यांपासून लांब, वेगळ्या खोलीत साखळीने बांधून ठेवा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला आपण जनरेटर आणतोच. तसाच एक पावसाळ्यात विहाराबाहेर लावला तर बायपॅपच्या बॅटऱ्या चार्ज होतील. मात्र तो घरात किंवा बंद पॅसेजमध्ये कधीही चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

यादी मे महिन्यात, पावसाआधी नव्याने करावी. आणि दर पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी जमतो तेव्हा निघताना दोन मुलांनी यादीतल्या घरी जाऊन सिलिंडरच्या गेजचा काटा पाहून यावा.