कुत्रीच्या पोटाखालची गाठ: ‘दुधाची असेल’ म्हणून सोडू नका

मळ्यावर राखणीला असलेली कुत्री आठ-नऊ वर्षांची झाली, की एखाद्या दिवशी तिच्या पोटाखाली, मागच्या आचळाजवळ हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. ‘दुधाची गाठ असेल, जिरेल आपोआप’ म्हणून ती तशीच राहते. पुढे ती लिंबाएवढी होते, फुटते, माशा बसायला लागतात आणि मग दवाखाना आठवतो. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

नसबंदी न झालेल्या कुत्रींमध्ये स्तनाची गाठ हा सर्वांत जास्त आढळणारा ट्यूमर आहे. ढोबळमानाने यातल्या निम्म्या गाठी साध्या असतात, निम्म्या कॅन्सरच्या. कोणती कोणती, हे हात लावून कळत नाही.

कोणत्या वयात होतो?

पाच वर्षांच्या आत हा आजार क्वचितच दिसतो. त्यानंतर धोका वाढत जातो आणि साधारण आठ ते अकरा या वयात सर्वाधिक केसेस असतात. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या कुत्रींच्या नोंदी २००५ साली प्रसिद्ध झाल्या. तिथे नसबंदीची पद्धत कमी होती. त्यात सहा वर्षांपर्यंत सुमारे १ टक्का, आठपर्यंत ६ टक्के आणि दहा वर्षांपर्यंत १३ टक्के कुत्रींना अशी गाठ झाल्याचं आढळलं. नरांमध्ये हा आजार अगदीच विरळ.

कुत्रीला साधारणपणे आचळांच्या पाच जोड्या असतात. त्यातल्या मागच्या दोन जोड्यांमध्ये गाठी जास्त होतात. एकाच वेळी दोन-तीन गाठीही असू शकतात.

नसबंदीचा संबंध काय?

स्तनाच्या पेशी माजाच्या हार्मोन्सवर वाढतात. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात याचा हिशेब मांडला गेला. नसबंदी न झालेल्या कुत्रीचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजाआधी नसबंदी झालेलीचा धोका जेमतेम अर्धा, एका माजानंतर ८ आणि दोन किंवा जास्त माजांनंतर २६ निघाला. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, असं मत दिलं. तरी लवकरच्या नसबंदीचा फायदा बहुतेक पशुवैद्यक मानतात. मोठ्या जातीच्या कुत्रींमध्ये फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचा किंवा लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून वय डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

माज पुढे ढकलण्यासाठी दिली जाणारी प्रोजेस्टेरॉन गटातली इंजेक्शनं धोका वाढवतात. लहानपणीचा लठ्ठपणाही. ‘एकदा पिल्लं होऊ दिली की गाठ होत नाही’ या समजाला मात्र आधार नाही.

गाठ सापडली तर?

आकार महत्त्वाचा. तीन सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सुपारीपेक्षा, लहान असताना काढलेल्या गाठीत कुत्री वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. कॅन्सर आधी जवळच्या लसीका ग्रंथींत आणि मग बहुधा फुप्फुसात पसरतो, म्हणून ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढतात. मुख्य उपचार ऑपरेशन हाच. काढलेली गाठ फेकून न देता तपासायला पाठवावी, त्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही.

नुकत्याच व्यायलेल्या कुत्रीची आचळं सुजून गरम झाली, तर ती दगडी असू शकते आणि औषधाने उतरते. पण म्हाताऱ्या, पिल्लं नसलेल्या कुत्रीची कातडी लाल, गरम, घट्ट झाली आणि औषधाने फरक पडेना, तर तो कॅन्सरचा सर्वांत वाईट प्रकारही असू शकतो.

गाठ पिळू नये, डागू नये, चुना लावू नये. हा आजार माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, त्यामुळे कुत्रीला घराबाहेर काढण्याचं कारण नाही.

पाच वर्षांपुढच्या कुत्रीला महिन्यातून एकदा उताणं पाडून पुढून मागे सगळी आचळं बोटांनी चाचपावीत. दोन मिनिटांचं काम आहे. गाठ लागली, तर ती मोठी होण्याची वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी.